क्लब आमचा झाला तेव्हा

मैसूरमधल्या आमच्या भागातला फुटबॉल क्लब एका उदबत्तीवाल्या घराण्याचा होता. घरातल्या थोरल्यांना खेळाचं वेड होतं, म्हणून मिलमागचं मैदान, बारा-पंधरा पोरांचे बूट आणि जिल्ह्याच्या लीगमधली एक जागा एवढा संसार त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. ते गेले. मुलांना उदबत्तीतच रस नव्हता, तर फुटबॉलमध्ये कुठून असणार? बेंगळुरूचा कोणीतरी माणूस लीगमधली जागा तेवढी उचलून क्लब तिकडे नेणार, अशी बातमी आली आणि आम्हा रविवारच्या मंडळींचं धाबं दणाणलं.

आम्ही म्हणजे मिलमधून निवृत्त झालेले चारपाच जण, एक शिंपी, दोन शाळामास्तर, एक औषधांचा दुकानदार, आणि मी. मी सहकार खात्यात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. सोसायट्यांचे पोटनियम तपासून परत पाठवणं यात माझा जन्म गेला. त्यामुळे 'आपणच सहकारी संघ काढून क्लब विकत घेऊ' असं मास्तरांपैकी एकजण म्हणाला तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार शिडी लागत नाही. मी लगेच हो म्हटलं.

खरं कारण वेगळं होतं, ते आज सांगायला हरकत नाही. बायको जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. आम्ही इथले जुने मराठी. आमचे पूर्वज राजाच्या फौजेत घोड्यावर बसून आले, असं वडील सांगायचे. घोडा गेला, फौज गेली, घरातली भाषा तेवढी राहिली, तीही अर्धी कन्नड होऊन. ती भाषा मी फक्त बायकोशी बोलत होतो. मुलगी पुण्याला दिली. ती फोनवर विचारते, "अप्पा, जेवण झालं का?" आणि मी "ऊट आत्ताच मुगिसलं" म्हटलं की हसते. तिच्या सासरी माझ्या मराठीची गंमत वाटते म्हणे. वाटू दे. पण आठवड्याचे सहा दिवस मी भाजीवाल्याशी आणि टीव्हीशी बोलायचो. सातव्या दिवशी दुपारी चार वाजता मैदानावर जायचो, आणि तिथे एक माणूस माझ्या शेजारी बसायचा.

मैदानाच्या एका अंगाला दगडी पायऱ्या आहेत. त्यातल्या तिसऱ्या पायरीवर आम्ही दोघं बसायचो, दहा-अकरा वर्षं. ते माझ्यापेक्षा थोडे लहान असावेत. जुनी मोटारसायकल गेटाजवळ लावून यायचे, पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. कधी पिशवीतून पेरू काढायचे, कधी काकडी, हंगामात उसाचे करवे. अर्धा वाटा न बोलता माझ्या बाजूला सरकवायचे. मी त्यांना मालक या अर्थी 'यजमान्रे' म्हणायचो, ते मला 'सार', म्हणजे सर. बोलणं कन्नडमध्ये, आणि फक्त समोरच्या खेळाबद्दल. गोलकीपर झोपला, रेफ्री आंधळा, उजवीकडचा पोरगा चांगला पळतो पण डोकं नाही. बायको गेली त्यानंतरच्या रविवारी मी गेलो नाही, पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी गेलो तेव्हा त्यांनी फक्त टॉवेलनं माझी पायरी पुसली आणि म्हणाले, "कूतकोळ्ळि सार." बसा. मॅच संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. एवढं बरं मला कोणाच्याच सांत्वनानं वाटलं नव्हतं.

मी त्यांचं नाव कधी विचारलं नाही, गावही नाही. यात माझा एक हेका होता. आमच्याकडे ओळख झाली की पहिला प्रश्न येतो, "नीवु यावूरु?" तुमचं गाव कोणतं? मी म्हणतो, मैसूर. मग समोरचा माझ्या आडनावाकडे बघून विचारतो, ते खरं हो, पण मूळचे कुठले? सात पिढ्या इथे मेल्या तरी मूळचे कुठले! या प्रश्नानं मला आयुष्यभर इतका वैताग दिला की मी ठरवून टाकलं, आपण कोणाला गाव विचारायचं नाही. याला मी माझा मोठेपणा समजत होतो.

संघाचं काम सुरू झालं तशी माझ्या घराला जाग आली. शाळेच्या एका वर्गात संध्याकाळी बैठका, मग माझ्या टेबलावर कागद. मंडळींना एकच भीती होती. बेंगळुरूचा माणूस आपली चाळीस माणसं सभासद करून घुसवील आणि मतदानानं क्लब पुन्हा घेऊन जाईल. एका सभासदाला एक मत, त्यामुळे भीती खोटी नव्हती. यावर माझ्याकडे तोडगा होता. प्रत्येक सहकारी संस्थेला कार्यक्षेत्र लागतं, म्हणजे सभासद कुठले असावेत त्याची हद्द. मी चौथ्या पोटनियमात लिहिलं: कार्यक्षेत्र मैसूर शहराच्या हद्दीपुरतं, सभासद याच हद्दीत राहणारा असावा. बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. औषधवाला म्हणाला, "सारांनी दाराला कडीच घातली." मी चष्मा पुसत बसलो. इतकं कौतुक ऑफिसात कधी झालं नव्हतं.

पायरीवर मी त्यांना हे सगळं सांगत होतो. ते ऐकायचे, मान हलवायचे, विचारायचे, "मग आपला क्लब आपलाच राहणार?" मी म्हणायचो, राहणार. पोटनियम मी वाचून दाखवले नाहीत. ते कंटाळतील असं वाटलं.

खात्यातून मंजुरी आली आणि सभासद नोंदणीचा रविवार ठरला. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून मी बसलो. रांग लागली होती. ते आले ते ओळखू येईनात. डोक्याला तेल, इस्त्रीचा शर्ट, टॉवेल नाही. हातात भरलेला अर्ज आणि त्यावर टाचणीनं लावलेले दोन फोटो, याच कामासाठी काढलेले, कारण अंगात तोच शर्ट होता. मी हसून अर्ज घेतला आणि पहिल्यांदा त्यांचं नाव वाचलं. खाली पत्ता होता. शहराबाहेर, वरुणा गावाच्याही पुढचं एक खेडं.

मी पत्ता दोनदा वाचला. कुठल्या दुर्बुद्धीनं मला इतकी वर्षं वाटत होतं की ते मिलच्या वस्तीतच राहतात, देव जाणे. पेरू, काकड्या, ऊस, शेणाचा वास लागलेली ती मोटारसायकल! दर रविवारी सकाळचं दूध डेअरीला घालून, गाई बांधून, ते वीस किलोमीटर गाडी हाकत येत होते. शेजारी बसून मला एवढंही दिसलं नव्हतं.

"यजमान्रे," मी हळू आवाजात म्हणालो, "हे हद्दीबाहेर जातं."

त्यांना कळलं नाही. मी पोटनियम काढून दाखवला. मागून शिंपी म्हणाला, "सार, शहरातला एखादा पत्ता लिहून टाकायला सांगा, कोण बघतंय?" मी म्हणालो, "ते चालणार नाही. नोंदणी रद्द होईल." चौतीस वर्षं जे वाक्य लोकांना ऐकवलं ते सवयीनं तोंडातून गेलं. तेव्हाही मला माझं बरोबरच वाटत होतं, हे सांगायला लाज वाटते. नियम होता, आणि तो मी लिहिलेला होता.

"हौदा," ते म्हणाले. असं होय. मग टाचणी काढून त्यांनी फोटो खिशात ठेवले, अर्जाची घडी केली. "मॅच तर बघू द्याल ना सार?"

"मॅच काय कोणीही बघावी," मी म्हणालो. ते हसले आणि रांगेतून बाजूला झाले. त्यांच्या मागचा अर्ज मी हातात घेतला.

क्लब आमचा झाला. कागदावर सह्या झाल्या, बेंगळुरूवाल्याच्या तोंडाला पानं पुसली गेली. पहिल्या रविवारी मैदानावर मांडव घातला होता. मला मानद चिटणीस केलं होतं, तेव्हा मांडवात समितीबरोबर खुर्ची, गळ्यात हार, शेजारी नगरसेवक. आम्ही दोन गोलांनी जिंकलो. मी मधूनमधून पायऱ्यांकडे बघत होतो. ते आले नाहीत. पुढच्या रविवारी नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. खुर्ची मात्र मला दर वेळी मिळत गेली. औषधवाला शेजारी बसून मोबाईलवर बोलायचा. गोल झाला की सगळे उभे राहायचे, मीही उभा राहायचो, आणि काय म्हणायचं ते कोणाला म्हणायचं असा प्रश्न पडायचा. आता क्लब माझा होता आणि मैदानावर मला बोलायला माणूस नव्हता. घरी जाऊन मी पिठलं ढवळत ढवळत स्वतःशीच सांगायचो, गोलकीपर आज पण झोपला.

माझ्या मनानं घेतलं की त्यांना तो पोटनियम लागला. साहजिक होतं. म्हणून वर्षाच्या सर्वसाधारण सभेत मी स्वतःच दुरुस्ती मांडली: कार्यक्षेत्र शहर आणि तालुका. चांगलाच वाद झाला. "कडी तुम्हीच घातलीत, आता तुम्हीच काढता?" औषधवाला म्हणाला. मी म्हणालो, कडी चुकीच्या बाजूनं बसली. आजवर सभेत मी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. दुरुस्ती थोडक्यात पास झाली. मग खात्याचे खेटे. माझ्याच जुन्या ऑफिसात, माझ्याच जागेवर बसलेल्या बाईनं स्वल्पविरामासाठी फाईल परत पाठवली. मी निमूट दुरुस्त करून दिली. पाच महिने गेले.

मंजुरीचा कागद हातात पडला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी कोरा अर्ज पिशवीत घालून बस पकडली. गाव आठवत होतं, नावही. डेअरीसमोर दुधाच्या कॅनांची रांग होती. तिथे विचारलं तर दोन मिनिटांत घर सापडलं. ते गोठ्यात होते. मला बघून हात धुतले आणि ओसरीवर घोंगडी टाकली. त्यांच्या बायकोनं लोटाभर कॉफी आणली आणि म्हणाली, "हेच का ते फुटबॉलचे सार?" म्हणजे घरात माझी गोष्ट निघत होती.

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. चूक माझी होती, दुरुस्ती केली, आता तुमचं गाव हद्दीत आहे, सही करा, फोटो असतील तर द्या. ते ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "त्याचं काय एवढं सार? नियम म्हणजे नियम. मला त्याचं काही नव्हतं."

"मग आला का नाहीत?"

"आलो होतो की. पहिल्याच रविवारी आलो होतो." ते लोट्यातल्या कॉफीकडे बघत होते. "गाडी लावली, गेटातून बघितलं. तुम्ही तिकडे मांडवात, खुर्चीवर. मोठी माणसं होती बरोबर. पायरीवर कोणी नव्हतं. थोडा वेळ उभा राहिलो. पुढच्या रविवारीही येऊन बघितलं. तेच. मग म्हटलं, एकट्यानं काय मॅच बघायची."

पाच महिने मी कागदाची चूक दुरुस्त करत फिरलो होतो. पायरीवरून उठून मांडवात जाऊन बसायला कुठल्या पोटनियमानं सांगितलं होतं? तिथे तर मीच गेलो होतो.

अर्ज मी बाहेर काढला नाही. ते मला बसपर्यंत सोडायला आले, हातात माझ्यासाठी पेरूंची पिशवी. बस दिसली तेव्हा मी म्हणालो, "या रविवारी या. मी पायरीवर असतो."

"नोडोणा," ते म्हणाले. बघू या. मैसूरकडे माणूस दुखवायचा नसला की नाहीऐवजी हेच म्हणतात. मीही जन्मभर म्हणत आलो, त्यामुळे मला ते लगेच कळलं.

समितीला मी सांगितलं की मला खुर्चीत पाठ दुखते. आता दर रविवारी मी तिसऱ्या पायरीवर बसतो, पण थोडा डावीकडे सरकून, गेटात उभ्या असलेल्या माणसाला सरळ दिसेन असा. बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की खेळ सोडून तिकडे बघतो. ते अजून आलेले नाहीत.