पेटीला एक दिवस सुट्टी

धर्माची गाय आणि दात का नाही, असं विचारू नये म्हणतात. नव्वदच्या दशकात बेंगळुरूच्या एका विद्यापीठात मी संशोधन करत होते, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत धड चालणारं जे काही होतं ते सगळं धर्माचंच. सरकारी पैशात फार तर काचेच्या नळ्या यायच्या. पेशंटांच्या रक्तातल्या पेशी वाढवायची उबदार पेटी दिली होती पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखानदार अण्णांनी. पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घर. त्यांची नात रक्ताच्या आजाराने गेली होती आणि त्याच आजारावर माझं काम चालू होतं.

दसऱ्याच्या सकाळी मी पेशी बघायला गेले, तर पेटीवर झेंडूची माळ, हळदकुंकवाची बोटं, आणि पेटी थंडगार. रखवालदार म्हणाला, काल सकाळी अण्णा आले होते, पूजा केली आणि बटण बंद करून गेले. पीण्यात हीच रीत. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची, मग त्यांना हात लावायचा नाही, दसऱ्याला मुहूर्तावर सुरू करायची. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. सगळ्या पेशी मेल्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माझे मार्गदर्शक सर धावत आले. "आज काही बोलू नकोस," ते म्हणाले. "ते पुढच्या मुलांना शिष्यवृत्ती देणार आहेत. पेशी काय, पुन्हा वाढवू." ती शिष्यवृत्ती अण्णांनी पुढे दिलीही. पण सगळ्या पेशी पुन्हा वाढणार नव्हत्या, हे सरांनाही ठाऊक होतं. काही पेशंट आता राहिलेच नव्हते.

तेवढ्यात अण्णा नारळ घेऊन आलेच. "काय अक्का, काल तुझ्या पेटीला सुट्टी दिली. वर्षभर राबते बिचारी. सरी ना, बरोबर केलं ना?"

गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. "अण्णा, हा तुमचा लेथ नाही हो. आत जिवंत पेशी होत्या. ऊब गेली, त्या मेल्या."

सर खिडकीबाहेर बघू लागले. अण्णांनी नारळ टेबलावर ठेवला.

"पुन्हा करायला येत नाही काय?"

"त्या पेशंटांचं रक्त पुन्हा मिळालं तर."

बोलता बोलताच मला कळलं की हे कुठे चाललंय. नातीचं रक्त संशोधनाला द्यायला त्यांनीच होकार दिला होता. तपासून टाकून देत असतील, अशी त्यांची समजूत असावी. आता जीभ झडली तर बरं, असं मला झालं.

"आमच्या पोरीचं होतं काय त्यात?"

खोटं बोलायला हवं होतं की नको, हे मला आजही सांगता येत नाही. "होतं," मी म्हटलं.

अण्णांनी खिशातला रुमाल काढला आणि पेटीवरचं कुंकू पुसायला लागले. पुसलं तसं ते जास्तच पसरलं.

"म्हणजे," ते म्हणाले, "काल सकाळपर्यंत होती ती."