नऊवारीला फॉल

शैलाताई गेल्या.

कोण शैलाताई, असं विचारायच्या आधी बायांनो, जरा आठवा. गौलीगुड्याच्या त्या जिन्यावरून डोळे पुसत उतरायच्या तुम्ही. संसार रुळावर आला की जिना विसरलात. गुडघे मात्र आठवणीनं दुखतात, ते मला फोन करून सांगता.

घाबरू नका, नावं घेणार नाही.
नात टाइप करतेय. अज्जी, सगळ्यांना टॅग करू का, म्हणाली. नक्को गे, म्हटलं. काही जणींच्या सासवा अजून जिवंत आहेत.

जिन्याखाली माझं फॉल-पिकोचं मशीन होतं. वरची खोली शैलाताईंनी भाड्यानं घेतली. पुण्याच्या. मिस्टरांच्या नोकरीमागे हैदराबादला आलेल्या. बाहेर मोठा बोर्ड लावला. मला कुठं वाचता येतंय, मला वाटलं मुलांची ट्यूशन असेल.

मग कळलं, इथं बायकांनी येऊन आपलं दुःख बोलायचं. नवराबायकोनं जोडीनं आलं तर अजून चांगलं.

मी हसले. म्हटलं, ताई, समोर किराणावाला बसलाय, शेजारी पानवाला. या बोर्डाखालून कोण बाई जिना चढेल?

कुणी चढली नाही. ताई वर एकट्याच बसून राहायच्या.

मग एक दिवस एक बाई साडी घेऊन आली. फॉल लावायचा म्हणाली, पण नजर सारखी वर. मी साडी ठेवून घेतली. म्हटलं, वेळ लागेल. वर जाऊन बसा.

बस्स. तिथून सुरू झालं.

बोर्ड काढला. बाया साड्या घेऊन येऊ लागल्या. बेगम बाजारातून येता येता पिशवीत एक साडी असायचीच. बुरख्यातल्या बाया दुपट्ट्याला पिको करायला यायच्या. घरी विचारलं तर फॉल लावायला गेले होते, आणि पुरावा हातात.

एकीजवळ तर एकच बरी साडी होती. ती फॉल घरी उसवायची आणि परत आणायची. मी परत लावायची. कापड बिचारं काठाला विरलं, पण बाई सावरली.

ताई मात्र थकायच्या हो. दिवसभर ऐकून संध्याकाळी खाली यायच्या, शेवटच्या पायरीवर बसायच्या. माझ्या सुईत दोरा ओवून द्यायच्या. "मावशी, आज काही सांगू नका," म्हणायच्या. आम्ही दोघी गप्प चहा प्यायचो.

पण एकदा त्यांनीच विचारलं.
"मावशी, तुम्ही वर कधी येताय?"
"माझा कुठं नवरा मारतो?"
"मारत नाही. मग काय करतो?"
"काहीच नाही."
"तेच सांगायला या."

मी गेले नाही.

त्याचं असं झालं होतं. बाहेरच्या कंपन्या देशात येऊ लागल्या आणि आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, कामाला होते तो कारखाना बंद पडला. व्हीआरएस घेऊन घरी बसले. त्याच सुमाराला घरात केबल आली. केबलचा आवाज आला आणि मालकांचा गेला.

शिवी नाही, हाक नाही. मी कामावर निघाले तरी टीव्हीकडेच तोंड. भांडणारा माणूस तरी समोर असतो. गप्प माणसाशी संसार करून मी भिंतीसारखी झाले होते. हा माणूस असाच एक दिवस उठून रुळावर जाऊन पडेल, ही भीती उराशी धरून मी टाके घालायची.

आणि एका दुपारी ते आले.

बायांच्या घोळक्यात उभे. काखेत पेपरात गुंडाळलेलं काहीतरी. माझ्यासमोर ठेवलं, उघडलं. त्यांच्या आईचं नऊवारी लुगडं.

"फॉल लावायचाय."

अहो, नऊवारीला कुठं फॉल असतो? जन्मभर आईला काष्टा घालताना बघितलं या माणसानं. मागे एकीनं तोंडाला पदर लावला. माझ्याही जिभेवर आलं होतं. मी कुणाला सोडते होय?

पण मी त्यांच्या हाताकडे बघितलं. लुगडं सोडत नव्हता तो हात.

म्हटलं, "ठेवा. वेळ लागेल. वर जाऊन बसा."

ते चढले. मी मशीन थांबवलं आणि हातानं टाके घालायला बसले. वरून शब्द कळत नव्हते. आवाज मात्र त्यांचाच होता. मध्येच फुटायचा, थांबायचा, परत सुरू व्हायचा. मी डोळे पुसले नाहीत, लुगड्याला डाग पडला तर पडो.

खाली आले. "झालं का?" म्हणाले.
"अर्धंच झालंय. परत यावं लागेल."
"येतो."

आले. पुढे मीही वर गेले, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. तिथं काय बोललो ते सांगणार नाही. नात टाइप करतेय, तिचे कान लांब आहेत.

ते जाईपर्यंत बोलत होते. झोपेतसुद्धा. कधी कधी मीच म्हणायची, आता गप बसा.

ते वर काय बोलले, ताईंनी मला कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आज ताईंच्या घरी जाऊन आले. मिस्टर खुर्चीत बसलेत. चेहरा टीव्हीकडे, आणि टीव्ही बंद. मी समोर बसले, दोनदा हाक मारली. बघितलं, बोलले नाहीत. मुलगी परदेशातून यायला वेळ लागेल म्हणतात.

मी ओळखते ते बसणं. पण माझ्याच्यानं आता रोज जाणं होत नाही. पाय राहिले नाहीत.

ताई, किती ऐकलंस गं आमचं. आता नीज.

आणि तुम्ही, बायांनो. हार नको, फोटोखाली हात जोडलेली चित्रं नकोत. आपापसात ठरवून रोज एकीनं डबा न्या. मऊ भात, पातळ वरण, दोडक्याची भाजी. दात नाहीत त्यांना, भाकरी नको.

भाजीत मीठ घालू नका. मिठाची पुडी स्वतःजवळ ठेवा, आणि ते मागेपर्यंत बसून राहा.