हवालदारांची कोरी वही

सांगलीत आमच्या पेठेतल्या चौकीवर एक हवालदार होते. कोणी चोरीची तक्रार घेऊन गेलं की ते टाक दौतीत बुडवून वहीवर धरत आणि सगळं निमूट ऐकत. आपलं सांगून होईपर्यंत टाकावरची शाई वाळलेली असे.

आमचं तांब्याचं घंगाळ परसातून गेलं तेव्हा म्हणाले, "आवं मास्तर, कुणी मागून न्हेलं असंल. चार दिस वाट बगा, मग लिवू."

शेजारणीच्या लुगड्यांनाही तेच चार दिवस मिळाले. वही कोरी राहिली आणि आमच्या पेठेत चोऱ्या होत नाहीत, असं गाव म्हणू लागलं. हवालदारांनाही ते मनापासून खरं वाटे.

एकदा भर दुपारी चौकीसमोरून त्यांचीच सायकल चोरीला गेली. मी डोकावलो तेव्हा ते टाक धरून वहीकडे बघत बसले होते.

"लिहिलीत का?" मी विचारलं.

"न्हाई. घरीच इसरलो असंन," म्हणत त्यांनी टाक पुसून ठेवला.

सकाळी त्यांना सायकलवरून येताना मी पाहिलं होतं. तसाच बाजारात गेलो आणि परसदारासाठी कुलूप घेतलं.