चावी देईपर्यंतचं गाणं

नानांना रिकामी जागा खपायची नाही. लग्नात मंगलाष्टकं म्हणता म्हणता भटजी श्वास घ्यायला थांबले, की तेवढ्यात नानांनी आपली अहिराणी ओळ टाकलीच म्हणून समजा! भटजी डोळे वटारायचे, वऱ्हाडी हसायचे आणि त्यांच्या गाण्याला साथ करणारा, शेजारी ढोलकी घेऊन बसलेला मी मान खाली घालायचो.

अमळनेरच्या बाजारात फोनोवाल्या शेठचं दुकान होतं. दाराशी कर्ण्याचा फोनो ठेवून शेठ दिवसभर थाळ्यांवरची, म्हणजे रेकॉर्डवरची, नाटकातली पदं वाजवायचे. थाळ्या काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीला नवे गवई सुचवायचं कामही त्यांच्याकडेच. नानांनी एकदा सरळच विचारलं, "शेठ, मनं गानं भरशात का थाळीमा?"

शेठ हसले. "नाना, एखादं नाटकातलं पद बसवा, मग बघू. अहिराणी थाळी विकत कोण घेणार?"

हे नानांना फार लागलं. नकार त्यांना दिला असता तर विसरून गेले असते, पण तो बोलीला दिला होता. परतताना बैलगाडीत ते एवढंच म्हणाले, "आपली बोली बाजारमा चालस, भांडाले चालस, अन् थाळीले चालत नही?"

पुढच्या बाजारी आम्ही दुकानासमोर ठाण मांडलं. थाळी संपली, शेठ सुई बदलून चावी देऊ लागले, की तेवढ्या रिकाम्या वेळात नाना सुरू! गाणं माहेरच्या वाटेवर अडून बसलेल्या बैलाचं. शेठनी नवी थाळी लावली रे लावली, की नाना गप्प आणि हात जोडून श्रोते. दर बाजारी हाच खेळ. हळूहळू गर्दी चावीची वाट बघू लागली. एकदा सावद्याकडच्या एका अक्कांनी शेठना दरडावलंच, "हे राहू द्या हो, ती बैलाची थाळी द्या!" अहिराणी काही त्यांची बोली नव्हे, तरीसुद्धा. तशी थाळीच नाही, हे सांगताना शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी लगेच मुंबईला कळवलं.

पण थाळीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, आणि नानांचा बैल उठायलाच तास घ्यायचा. तोडगा नानांच्या घरच्यांनी, म्हणजे आमच्या वहिनींनी काढला. त्या तव्यावर भाकरी टाकणार, आणि दुसरी भाकरी फुगायच्या आत गाणं संपलं पाहिजे. किती भाकरी करपल्या त्याला गणती नाही. "तुम्हना त्या बैलले उठाडा आते!" वहिनी चुलीपासून ओरडायच्या.

मुंबईला कंपनीत थाळी भरताना गाणं छान रंगात आलं. वेळ संपत आल्याची खूण म्हणून यंत्रापाशी उभ्या कंपनीच्या साहेबाने हात वर केला. आमच्या जत्रेत हात वर झाला म्हणजे बक्षीस आलं, आणि मग गाणं थांबवून देणाऱ्याला आशीर्वाद द्यायची रीत. नानांनी तान तोडली आणि दणक्यात म्हणाले, "साहेबभाऊनं भलं होवो!"

गाणं ज्यावर कोरलं जात होतं ती मेणाची तबकडी फुकट गेली. साहेब लालबुंद. आणखी एकच देतो, म्हणाला, तीही बिघडवली तर सरळ गाव गाठा. मी ढोलकीच्या दोऱ्या पुन्हा आवळून घेतल्या. नानांनी मात्र डोळे गच्च मिटून घेतले. "आते देवनी हात वर करा तरी मी देखाव नही."

बैल वेळेत उठला! शेवटी गायकाने आपलं नाव सांगायचं, अशी तेव्हा पद्धत होती. नाव सांगून झालं तरी थोडी जागा उरली. नाना ती सोडतात होय? जोरात म्हणाले, "अन् हाई आमनी अहिरानी शे!"

ती थाळी बाजारात वाजली त्या दिवशी दुकानापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. कर्ण्यातून ते शेवटचं वाक्य आलं आणि बाजार गरजला. मी रडलो, त्यात लपवायचं काय? शेठ चावी देऊ लागले तसे सगळे नानांकडे वळले. नाना जन्मात पहिल्यांदा गप्प होते. तेवढ्यात सावद्याच्या त्या अक्कांनी बैलाचं गाणं उचललं, मागोमाग साऱ्या बाजाराने. चावी केव्हाच देऊन झाली होती, पण नवी थाळी लावायची शेठची छाती होईना.

"आते मनं काय काम शे? बठ्ठा गातस ना!" डोळे पुसत नाना म्हणाले. आणि पुढच्या ओळीला बाजार श्वास घ्यायला थांबला, तेवढ्यात त्यांनी आवाज लावलाच.