कोटाच्या काठातला कागद

इस्पितळाच्या धुलाईघरात मला वीस वर्षं झाली. मशीनमध्ये जाणारा प्रत्येक कपडा आधी माझ्या हातातून जातो. खिसे, बाह्या, काठ, सगळं मी चाचपते. माझ्या हातातून आजवर एक टाचणी सुटलेली नाही, कोणालाही विचारा.

नव्यानं कामाला लागलेल्या त्या पोरीवर माझा पहिल्या दिवसापासून राग. ती जागा माझ्या भाचीला मिळायची होती. पण ही लढाईतून जीव वाचवून आलेली म्हणून साहेबांना दया आली आणि आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. त्यात मान खाली घालून दोघींचं काम एकटी उपसायची. आमच्या पोटावर पाय द्यायला आलीय मेली, असं मी सगळ्यांदेखत म्हणायचे. जेवायला तिच्याजवळ कोणी बसायचं नाही. मीच बसू द्यायचे नाही.

दहा महिने रांगा लावून तिला एक शिक्क्याचा कागद मिळाला. सोमवारी तो कचेरीत दाखवला की छावणीत अडकलेली तिची धाकटी बहीण इकडे येणार होती. खोलीत दुसरी खाटही आणून ठेवली होती म्हणे. कागद तिने कामाच्या कोटाच्या काठात शिवून टाकला. लढाईतून पळून येताना वाटेत दोनदा तिच्या पिशव्या हिसकावल्या होत्या, अंगावरचं तेवढं राहिलं होतं. दुधानं तोंड पोळलेलं, दुसरं काय.

आमचे कोट शनिवारी उकळत्या पाण्यात जातात. ती आपला घरी धुवायची. त्या शनिवारी कोट खुंटीला लावून ती हातपाय धुवायला गेली. मी तो ओढला. नियम म्हणजे नियम. सवयीनं चाचपला, तर काठाशी घडीचा कागद लागला. कशाचा ते मला कळलं. खोटं कशाला बोलू? टाकला मशीनमध्ये.

बाहेर आला तो कागदाचा लगदा. ती ओल्या फरशीवर बसली. नव्या कागदाला निदान वर्ष लागेल, असं साहेब म्हणाले. "कपडे नियमाप्रमाणे धुवायला द्यावेत माणसानं," मी म्हटलं.

सोमवारी ती कामावर आली. मोठ्या चादरीची घडी घालायला दोघी लागतात, आणि दुसरं कोणी मोकळं नव्हतं. कोपरे धरून ती माझ्याजवळ आली.

"मावशी, तुमच्या हातातून टाचणीसुद्धा सुटत नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. वीस वर्षांची सवय, तोंडातून निघूनच गेलं.

तिनं कोपरे माझ्या हातात दिले आणि पुढची चादर उचलली.