हात कुणाचे, रीडिंग कुणाचं

बातमी आली तेव्हा मी ठाण्याला, आमच्या बँकेच्या शाखेत होतो. ताई राहायची बाळकुमला. तिच्या शेजारणीचा फोन आला, "दादा, ताईंना चक्कर आलीय, आम्ही हॉस्पिटलात नेतोय." मी रिक्षा पकडली. माजिवड्याच्या सिग्नलला अडकलेलो असताना फोन पुन्हा वाजला. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, "भाऊ, फोन वाजतोय ना?" मी म्हटलं, "वाजू दे." तो उचलायचा राहिलाच...

ताई गेली त्याला महिना उलटून गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक तिच्या आठवणी काढून भरभरून बोलले. शांत होत्या, समाधानी होत्या, असं दोघातिघांनी सांगितलं. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि आतून चडफडत होतो. कारण माझी बहीण, डॉ. सुजाता, शांत कधीच नव्हती. आणि समाधानी तर मुळीच नाही. माणूस गेलं की आपण त्याला ताबडतोब गुळगुळीत करून टाकतो. ते मला सहन होत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

आम्ही विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढलो. बाबा मोहन्याला कारखान्यात कामाला होते. घरात बिघडलेली वस्तू बाहेर दुरुस्तीला द्यायची नाही, हा त्यांचा बाणा. एकदा इस्त्री बंद पडली. बाबांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि ताईला म्हणाले, "सुजा, तू बॅटरी धर." ती माझ्यापेक्षा चार इयत्ता पुढे. मी घामाघूम होऊन स्क्रूशी झटापट करत राहिलो आणि आतली तार कुठे तुटलीय ते बॅटरी धरलेल्या ताईने दाखवलं. बाबा खूश होऊन "शाब्बास!" म्हणाले, आणि तार जोडायला पुन्हा मलाच दिली. ताई ही गोष्ट पुढे कितीदा तरी सांगायची, पण कुरकुर म्हणून नाही. "बाबांचं चुकलं असं नाही रे, मिल्या. त्यांना ते दिसलंच नाही. गंमत म्हणजे तेव्हा मलाही दिसलं नव्हतं."

भौतिकशास्त्रात तिने पीएच.डी. केली तीही प्रयोगातली. पोलादी भांड्यातली सगळी हवा काढून त्यात धातूचा अतिशय पातळ थर बसवायचा, असं काहीतरी काम होतं. त्या भांड्याला कुठेतरी केसाएवढी गळती असायची आणि ती शोधण्यात तिचे आठवडेच्या आठवडे जायचे. माझं लग्न लागल्यावर ही गायब. शोधलं तर हॉलच्या मागे उभी राहून लॅबमध्ये फोन करत होती, "प्रेशर खाली आलं का रे?" आई कपाळाला हात लावून म्हणाली, "हिचं लग्न त्या डब्याशीच लागलंय." तसंच झालं म्हणायचं. पण पुढे तोही संसार तिने सोडला.

कल्याणच्या एका कॉलेजात ती शिकवायला लागली, तेव्हाची गोष्ट. प्रॅक्टिकलच्या तासाला टेबलांमधून फिरताना तिला एक दृश्य परत परत दिसायला लागलं. ज्या ज्या गटात मुलगे आणि मुली एकत्र, तिथे उपकरणाला हात मुलांचे आणि वहीत रीडिंग लिहिणार मुली. कुणी सांगितलेलं नसायचं. मुली चांगल्या मार्कांनी पास व्हायच्या, पण त्यांतल्या कित्येकींनी वर्षभरात एक स्क्रूही फिरवलेला नसायचा. ताईची झोप उडाली. चाळिशी ओलांडल्यावर तिने दुसऱ्या पीएच.डी.साठी नाव घातलं, या वेळी शिक्षणशास्त्रात. भौतिकशास्त्रातले सहकारी म्हणाले, "चांगलं संशोधन सोडून हे काय काढलंत?" शिक्षणशास्त्रातले विचारायचे, "मॅडम, तुम्ही नक्की कुठल्या विषयाच्या?" ती घरी येऊन तावातावाने येरझाऱ्या घालायची. माझी बायको म्हणायची, "ताई, बसून तरी बोला!"

तिने प्रयोग मांडला तो असा. एका तुकडीत पूर्ण सत्रभर उपकरणं मुलींनी हाताळायची, लिहायचं मुलांनी. दुसऱ्या तुकडीत नेहमीसारखं चालू द्यायचं. मग दोन्ही तुकड्यांची परीक्षा. तिची खात्री होती, पहिल्या तुकडीतल्या मुलींचे मार्क वाढणार.

ते वाढले नाहीत. फरकच पडला नाही.

तिचे मार्गदर्शक सज्जन होते, तिच्या काळजीनेच म्हणाले, "हे प्रकरण वगळा. आधीची निरीक्षणं प्रबंधाला पुरेशी आहेत." मीही तेच म्हटलं. त्या वेळी ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "मुलांना मी काय सांगते? आलेलं रीडिंग लिहा. पुस्तकातलं नको. आणि माझी पाळी आली की काढून टाकू?" मी म्हटलं, "अगं, पण यात तुझीच बाजू पडते." "पडू दे ना. बाजू घ्यायला मी गेलेले का तिथे?" म्हणाली खरं, पण तिला तो निकाल आवडलेला नव्हता. फार लागलेला होता.

ते प्रकरण प्रबंधात तसंच गेलं. प्रबंध एकदा परत आला, मग मान्य झाला. तोंडी परीक्षा झाल्यावर मी तिला कल्याणला लस्सी प्यायला नेलं. मी अभिनंदन करतोय आणि हिचं लक्षच नाही. "मिल्या, मार्क नाही वाढले, मान्य. पण त्या मुलींच्यात काहीतरी बदललेलं. मी बघितलंय. आता ते खरंच होतं, की मला हवं होतं म्हणून दिसलं? मोजू कशाने?" लस्सीवरची साय सुकून गेली.

त्यानंतरची सगळी वर्षं त्या एका प्रश्नात गेली. त्यासाठी ना कुणी निधी दिला, ना वेळ. दर सुट्टीला भेटलो की नवीन युक्ती, आणि पुढच्या सुट्टीपर्यंत ती मोडीत. उत्तर तिला मिळालं नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण कार्यक्रमात कुणीतरी "कार्य पूर्ण करून गेल्या" असंही म्हणालं होतं.

मागच्या आठवड्यात अनघा आली होती, शेवटी शेवटी ताईबरोबर काम करणारी डोंबिवलीची प्राध्यापिका. ताईच्या टेबलाशी बसून तिने लॅपटॉप उघडून दाखवला. प्रयोगशाळांमधली रेकॉर्डिंग होती, कल्याणची, डोंबिवलीची, मोहन्याच्या एका शाळेतलीही. सगळ्यांत फक्त हात. मुलांची ओळख पटू नये म्हणून चेहरे टाळलेले. उपकरणाशी हात किती वेळ घुटमळतात, चुकल्यावर मागे जातात की परत येतात, हे ताई मोजू बघत होती. "मॅडमचा नियम कडक होता," अनघा म्हणाली, "आपण मध्ये पडायचं नाही. मुलगी अडली तरी नाही. मी एकदा मदत केली, तर ते पूर्ण रेकॉर्डिंग बाद केलं त्यांनी."

मग तिने एक लावलं. लाकडी पट्टीवर ताणलेली तार, शेजारी काटा असलेलं मीटर. एका मुलीचे हात तारेवर पुन्हा पुन्हा टेकतायत आणि काटा ढिम्म. कोपऱ्यातला एक स्क्रू सैल राहिलाय, मलासुद्धा कळतंय. एवढ्यात चौकटीत वरून आणखी एक हात येतो. मोठ्या बाईचा, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं. मी ओरडलोच, "ही ताई!"

हात सैल स्क्रूच्या अगदी वर येऊन थांबतो. बोटं थोडी पुढे होतात. मग मूठ मिटते आणि हात निघून जातो. मुलगी तारेवर हात टेकवतच राहते, आणि रेकॉर्डिंग संपतं. तिला तो स्क्रू सापडला का, अनघालाही ठाऊक नाही.

अनघाने मला ते काढून दिलंय. मी बघतो, मागे नेतो, परत बघतो. दर वेळी वाटतं, या खेपेला तरी ताई तो स्क्रू पिळेल. हात येतो... थांबतो... मूठ मिटते.