कन्नडची शिकवणी

लेक तिसरीत असताना तिची कन्नडची वही लाल रेघांनी भरून यायची. फळ्यावरचं अर्धंच उतरवलेलं असायचं. आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळुरात घरात मराठी, गल्लीत मराठी. पोरीचं कन्नड कच्चं, हे मी ठरवूनच टाकलं. तिला रागावलो, सक्तीच्या कन्नडला शिव्या घातल्या, संध्याकाळचा खेळ बंद करून तिला पलीकडच्या गल्लीतल्या कानडी आक्कांकडं शिकवणीला बसवलं.

आठवड्यातच आक्का तिला घेऊन घरी आल्या. "हिचं कन्नड लई चांगलं हाय. पुस्तकातलं भराभर वाचते, पण भिंतीवरचं कॅलेंडर दिसत न्हाय हिला. आधी डोळे दाखवा!"

बेळगावच्या डॉक्टरांनी चष्मा दिला. म्हणाले, "लागलेला नंबर जाणार नाही, पण वाढायचा वेग कमी करता येतो. रोज दोन तास उजेडात, उघड्यावर खेळू द्या." मी नेमकं तेच बंद केलं होतं.

आक्कांनी शिकवणी मोडली नाही. पुस्तकं मिटून शिकवणीच्या सगळ्या पोरींना मैदानात नेलं आणि लगोरी खेळता खेळता कन्नड बोलायला लावलं. त्या नसत्या तर मी लेकीला आणखी वर्षभर पुस्तकात कोंबलं असतं.

यंदा बेळगावला डोळे तपासले, तर नंबर जेमतेम वाढलेला निघाला. येताना स्टँडवर लेकीनं लांबूनच बसची कन्नड पाटी वाचली आणि माझा हात ओढला. मला ती पाटी अगदी समोर आली तरी वाचता येत नाही.